बिनभाड्याचे दोन आठवडे

१

सोमवारी सकाळी भाडे कार्यालय उघडायला गेले, तर पायरीवर आयडा पिकर्सगिल बसलेली. अंगात कुणाचा तरी पुरुषी कोट, पायांत दोन रंगांच्या दोन सपाता, आणि केसांना अजून जळका वास.

"शनिवारी माझं घर जळलं, म्युरिएल," ती म्हणाली. म्हणाली कसली, ओरडलीच. चाळीस वर्षं गिरणीत माग चालवलेली बाई. खडखडाटानं कान गेलेत, आणि हळू बोलणं तिला ठाऊकच नाही.

"ऐकलं मी, मावशी. लागलं नाही ना कुठे?"

"मला काय धाड भरलीय! चिप्सचं तेल तापत ठेवलं आणि दूधवाल्याशी भांडायला दारात गेले. चूक माझीच आहे, नाही कोण म्हणतंय? पण विमा आहे ना माझा? दर आठवड्याला पंधरा पेन्स मोजते. काढ कागद."

माझी आई आणि आयडा, दोघींचे माग शेजारी शेजारी होते. म्हणून ती माझी मावशी, आणि म्हणून बावन्नाव्या वर्षीही मी तिच्यासाठी पोर. मी तिला आत घेतलं, हीटरजवळच्या बाकावर बसवलं आणि चहा ठेवला.

हॉलिन्स वसाहत नगरपालिकेची, अकराशे बेचाळीस घरांची. भाडं दर सोमवारी, आणि ज्यांनी विमा घेतलाय त्यांच्या भाड्यातच सामानाच्या विम्याचे पंधरा पेन्स. वसुलीवाला दारोदार हिंडतो. भाडेकरूच्या पुस्तकावर एक सही, आमच्या कार्डावर एक सही, संपला हिशेब. सलग चार आठवडे चुकले की विमा आपोआप रद्द. चोवीस वर्षं मी हेच करतेय, डोळे मिटून सांगेन.

विमा कंपनीला मी लगेच फोन लावला आणि दाव्याचा अर्ज मागितला. तिथली मुलगी म्हणाली, साहेब स्वतः तुम्हाला फोन करतील. मग आयडाचं कार्ड काढायला कपाटाकडे गेले. आयडाच्या गल्लीचा, म्हणजे शटल रोचा, गठ्ठा होता. अडतीस घरांपैकी सदतिसांची कार्डं होती.

"हे शोधताय का?" मागून पॉम्फ्रेट म्हणाला.

क्लाइव्ह पॉम्फ्रेट आमचा सहायक व्यवस्थापक. जूनमध्ये समुद्रकाठच्या कुठल्याशा गावातून बदलून आलेला. भांग सरळ, बूट चकचकीत. नोव्हेंबरच्या शेवटी त्याची कंबर धरली, ती थेट नवीन वर्षात सुटली. अजूनही खुर्चीवर टेकताना तोंड वाकडं करायचा.

"आगीचं वर्तमानपत्रात वाचलं, म्हणून आधीच काढून ठेवलं," तो म्हणाला आणि कार्ड माझ्यापुढे सरकवलं. "वाईट वाटतं हो. पण बघा."

वीस नोव्हेंबरपासून अठरा डिसेंबरपर्यंतचे पाच सोमवार कोरे होते. पाच आठवडे भाडं नाही आणि विमाही नाही.

"शुक्रवारी गृहसमितीची बैठक आहे," पॉम्फ्रेट हळूच म्हणाला. "थकबाकीदाराला दुसरं घर देता येत नाही, नियम तुम्हाला ठाऊकच आहे. शहरातल्या वसतिगृहात एक खाट मिळेल त्यांना."

शहर तिथून बारा मैल. आयडा शटल रोमध्ये एकतीस वर्षं राहिलेली. काचेपलीकडे ती दोन्ही हातांत कप धरून माझ्याकडे बघत होती, अर्ज घेऊन मी कधी येते याची वाट बघत.

२

"खोटं आहे!" आयडानं कप आपटला. "दर सोमवारी डेसमंडच्या हातात पैसे ठेवलेत मी. एक सोमवार चुकवला असेल तर जीभ झडेल माझी."

"पुस्तक कुठेय?"

"ड्रॉवरमध्ये. ड्रॉवर कुठेय ते अग्निशामकवाल्यांना विचार."

म्हणजे पुरावा जळाला होता. उरलं होतं ते फक्त आमचं कार्ड.

डेसमंड क्रॅबट्री एकोणीस वर्षं त्या रस्त्यांवर वसुली करतोय. शर्यतीच्या कुत्र्यांवर पैसे लावतो हे अख्ख्या गावाला माहीत. पॉम्फ्रेटनं त्याला केबिनमध्ये बोलावलं, पाच मिनिटांत बाहेर काढलं, चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. डेसमंड टोपी हातात घेऊन माझ्यासमोरून गेला, माझ्याकडे न बघता.

मला काही सुचेना. फायली उघडत होते, मिटत होते. एक गोष्ट खुपत होती, ती मी पॉम्फ्रेटला बोलून दाखवली. ख्रिसमसच्या वेळी दोन आठवडे आमच्याकडे भाडं माफ असतं. पोराबाळांना चार वस्तू घेता याव्यात म्हणून जुन्या काळापासूनची पद्धत. पण ही सुट्टी सगळ्यांना नाही. डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी ज्याचं एका आठवड्यापेक्षा जास्त थकलेलं असेल, त्याला माझ्या सहीचं पत्र जातं. गावात त्याला 'म्युरिएलचं ख्रिसमस कार्ड' म्हणतात. तोंडावर नाही म्हणत.

"आयडामावशीला पत्र लिहिल्याचं मला आठवत नाही," मी म्हटलं.

"सुटलं असेल नजरेतून," पॉम्फ्रेट हसला. "वय होतं माणसाचं. आणि मावशी म्हणताय, म्हणजे तुमचा जीव गुंतणारच. खरं तर तुम्ही या प्रकरणात पडूच नये."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण खरंच सुटलं असेल तर?

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी डेसमंडच्या घरी गेले. तो मागल्या अंगणात बर्फ झाडत होता, झाडून झालेल्या जागीच पुन्हा पुन्हा झाडू फिरवत होता.

"तू घेतलेस का पैसे?" मी सरळच विचारलं.

"एकोणीस वर्षं ओळखतेस मला, आणि हे विचारतेस?"

"ओळखते म्हणूनच विचारतेय. काल तोंड का लपवत होतास?"

त्यानं झाडू भिंतीला लावला. कान लालबुंद झालेले. "पाय," तो म्हणाला.

"काय?"

"आयडाचा बटाटा-मटणाचा पाय, मैद्याच्या आवरणात भाजलेला. दर सोमवारी अकरा वाजता तिच्या टेबलाशी बसून खातो मी. अर्धा तास. वसुलीच्या वेळेत घरात बसायचं नाही असा नियम आहे ना? पॉम्फ्रेटला सांगितलं असतं तर तेवढ्यावरच काढला असता मला."

मला हसू यावं की त्याच्या टाळक्यात झाडू घालावा, कळेना. "अरे गाढवा, मग प्रत्येक सोमवारी तू तिच्या घरात होतास!"

"होतोच. समोर बसून सह्या केल्यात. पुस्तकावर आणि कार्डावर. डिसेंबरात शटल रोवर तुझी पत्रं आली ती दोन. सोळा नंबर आणि तेवीस नंबर. दोघांनी मला शिव्या घातल्या, म्हणून पक्कं लक्षात आहे. बाकी छत्तीस कार्डांवर सुट्टीच्या रेघा मीच ओढल्या, लाल पेन्सिलीनं."

"आणि सोळा, तेवीसवर?"

"त्यांना सुट्टी कसली? ते रकाने उघडे ठेवले. थकबाकीदाराच्या कार्डावर लाल रेघ मारली, तर तूच माझं मुंडकं उडवशील."

मी झपझप परत निघाले. घसरत, धडपडत. आयडाच्या कार्डावर ख्रिसमसचे दोन रकाने कसे होते, तेवढंच मला बघायचं होतं.

पॉम्फ्रेट आत फोनवर होता. कार्ड टेबलावर, उलटं ठेवलेलं. मी काही न विचारता उचललं.

पाच सोमवार कोरे होते. आणि त्यापुढच्या दोन रकान्यांवर सुबक, सरळ लाल रेघ होती.

३

बुधवारी सकाळी मी मॅव्हिसला धरलं. मॅव्हिस गारसाइड आमची खजिनदारीण. माझी पत्रं तीच टंकते. कोरी कार्डं तिच्याच खणात असतात. शिवाय गेल्या महिन्यापासून ती फरच्या कॉलरचा कोट घालून येत होती, आणि तिच्या पगारात तसली कॉलर बसत नाही.

"कोट कुठून आला?" मी विचारलं.

"अगं बाई! तुम्ही पण? माझी सासू, शेजारीण, आता तुम्ही!" तिनं पर्स उघडून कॅटलॉगवाल्याचं हप्त्याचं पुस्तक माझ्यापुढे फेकलं. "अडतीस आठवड्यांचे हप्ते आहेत. कोट विरेल, हप्ते संपायचे नाहीत."

"बरं बाई, राग गिळ. डिसेंबरच्या पत्रांच्या नकला कुठे आहेत?"

तिनं फाईल दिली. एकेचाळीस नकला. शटल रोच्या दोनच, सोळा आणि तेवीस. आयडाचं नाव नाही.

"तुमची नजर चुकायची नाही हो," मॅव्हिस म्हणाली. "माझ्या सख्ख्या आईलासुद्धा सोडलं नाहीत तुम्ही. मीच टंकलं ते पत्र, रडत रडत."

"तुझा खण बंद असतो का?"

"कधीच नाही. किल्ली हरवून दोन वर्षं झाली."

म्हणजे कोरं कार्ड कुणीही उचलू शकत होतं. पण फक्त माझ्या नजरेवर आणि डेसमंडच्या लाल पेन्सिलीवर समिती विश्वास ठेवणार नव्हती. एक मावशी म्हणणारी आणि एक पाय खाणारा, असले साक्षीदार कोण विचारात घेणार?

मी रोजवही काढली. डेसमंड दर सोमवारी रस्त्यागणिक जमलेली रक्कम देतो, मॅव्हिस मोजून वहीत लिहिते आणि रक्कम त्याच दिवशी बँकेत जाते. डेसमंडनं आयडाचे पैसे खिशात घातले असते, तर वही आणि कार्डं दोन्हींत ते नसते. दोन्हींचा मेळ बसला असता. तेवढंच तपासायचं होतं.

आयडा बाकावर होतीच. रात्री चर्चच्या सभागृहात झोपायची, आणि कार्यालय उघडलं की इथे. निकाल लागेपर्यंत हलणार नाही म्हणाली होती.

"मावशी, आकडे वाचून दाखवतेस?"

"चष्मा जळला."

मी माझा दिला. ती शटल रोचं एकेक कार्ड हातात घेऊन ओरडायला लागली, मी यंत्रावर बेरीज मारत गेले. दुसऱ्यांची भाडी अशी मोठ्यानं वाचणं किती नियमांत बसत नाही, ते मोजायला मला वेळ नव्हता. आम्ही पाचही सोमवार एकेक करून केले.

वीस नोव्हेंबर. कार्डांच्या बेरजेपेक्षा वहीत सहा पौंड पंचेचाळीस पेन्स जास्त.

सत्तावीस नोव्हेंबर. सहा पौंड पंचेचाळीस जास्त.

पुढचे तिन्ही सोमवार तसेच.

"तुझं भाडं किती, मावशी?"

"सहा तीस. वर विम्याचे पंधरा पेन्स." ती थांबली. कान गेले असले तरी हिशेब पक्का. "माझे पैसे आलेत! आलेत ना गं?"

"आलेत. बँकेतसुद्धा गेलेत."

तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुखलं. मला मात्र आनंद होईना. कुणीही पैसे चोरले नव्हते, डेसमंडनं नाही, मॅव्हिसनं नाही. आगीनंतर कुणीतरी खरं कार्ड गायब केलं होतं, नवं कार्ड नीट बसून लिहिलं होतं, आणि एका म्हातारीला मुद्दाम थकबाकीदार केलं होतं. यात एका पेन्सचाही फायदा कुणाला नव्हता.

मग एवढा उपद्व्याप कशासाठी?

४

गुरुवारी सकाळी मला घरात बसवेना. साडेसातलाच कार्यालयाच्या दारात. उद्या समिती. आणि हातात आहे काय, तर एक 'का?'.

'कोण' मला कळलं होतं. कार्डांच्या कपाटाची किल्ली चौघांकडे. मी, डेसमंड, मॅव्हिस, पॉम्फ्रेट. खोटं कार्ड लिहिणाऱ्यानं शेजारच्या कार्डांवर पाहून ख्रिसमसच्या लाल रेघा मारल्या. थकबाकीदाराला सुट्टी देऊन टाकली! एकोणीस वर्षं वसुली करणारा डेसमंड हे करणार नाही. मॅव्हिसनं स्वतःच्या आईचं पत्र रडत टंकलेलं, ती जन्मात करणार नाही. गावात कुणीच करणार नाही. इथे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं की थकवलंस तर सुट्टी बुडाली. पत्रं गेली तेव्हा इथे नसलेला आणि आमचा एकही ख्रिसमस न पाहिलेला माणूस एकच होता, अंथरुणात पडून कंबर शेकणारा.

पण पॉम्फ्रेटला आयडाशी काय देणंघेणं? तिचं नावसुद्धा त्याला शनिवारपर्यंत ठाऊक नसेल.

आयडा आली, बाकावर बसली, सपाता काढून पाय हीटरकडे केले.

"तो तुमचा गुळगुळीत साहेब," ती म्हणाली, "कुठली योजना बंद केली गं त्यानं?"

"कसली योजना?"

"मला काय माहीत? मंगळवारी तू बाहेर गेली होतीस तेव्हा फोनवर बोलत होता. काचेमागे."

"मावशी, तुला कारखान्याचा भोंगा ऐकू येत नाही. काचेमागचं बोलणं कसं ऐकलंस?"

"ऐकायचंय कशाला? ओठ होते ना!" तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "चाळीस वर्षं मागांच्या गोंगाटात आम्ही काय तोंडं शिवून बसलो होतो? तुझ्या आईनं तुझ्या बापाची सगळी लफडी मला अशीच सांगितली, तीन माग पलीकडून."

माझ्या बापाचं नंतर बघू म्हटलं. "नेमकं काय म्हणाला तो? शब्द न् शब्द सांग."

आयडानं डोळे बारीक केले. "म्हणाला, 'नाही नाही, आमच्या कार्यालयातल्या बाईंचा गैरसमज झाला. दावा वगैरे काही नाही. मी तुम्हाला सप्टेंबरातच कळवलंय, ती योजना आम्ही बंद केली.' मग हसला. मला वाटलं, कुठल्या तरी बागेबिगेची योजना असेल."

मी सोमवारी विमा कंपनीला फोन केला होता. साहेब फोन करतील असं तिथली मुलगी म्हणाली होती. तो फोन मंगळवारी आला आणि पॉम्फ्रेटनं घेतला.

कार्यालयातून फोन करायची सोय नव्हती, काचेतून पॉम्फ्रेटला सगळं दिसतं. मी अंगात कोट अडकवला आणि टपाल कचेरीजवळच्या सार्वजनिक फोनच्या खोक्यात जाऊन उभी राहिले. नाणी टाकली. कंपनीच्या साहेबाला माझं नाव, हुद्दा सांगितला आणि सप्टेंबरचं पत्र वाचून दाखवा म्हटलं.

त्यानं वाचलं. 'नगरपालिकेनं एक सप्टेंबरपासून हॉलिन्स वसाहतीची सामान विमा योजना बंद केली असून यापुढे हप्ते पाठवले जाणार नाहीत.' खाली सही होती, सी. पॉम्फ्रेट.

"का हो?" तो म्हणाला. "काही गडबड आहे का?"

पत्राची प्रत उद्या दहाच्या आत पाठवा, एवढंच सांगून मी फोन ठेवला. विमा घेतलेली सातशे अठरा घरं दर सोमवारी पंधरा पेन्स देत होती. चार महिने. आणि त्यांतल्या एकाही घराचा विमा नव्हता.

आता सगळं दिसलं. एरवी वर्षाला दोन-तीन दावे येतात. हप्ते खिशात घालणाऱ्यानं तेवढा धोका पत्करला असणार. पहिलाच दावा आयडाचा आला. तो कंपनीत पोचला असता की सगळं उघडं. म्हणून दावा कार्यालयातच मरायला हवा होता. थकबाकीदाराचा विमा आपोआप रद्द, दावा पाठवायची गरजच नाही. आणि जिचं पुस्तक जळालंय, तिला थकबाकीदार ठरवणं सगळ्यात सोपं.

पण हप्त्यांची रक्कम नगरपालिकेच्या खात्यातून निघते ती धनादेशानं. धनादेशावर दोन सह्या लागतात.

फोनच्या खोक्यातच मी पाठ टेकून उभी राहिले. दुसरी सही कुणाची, ते मला ठाऊक होतं.

५

शुक्रवारी दहाला समिती बसली. अध्यक्ष साइक्स, पूर्वीचा रेल्वेवाला, जाडजूड माणूस. दोन्ही बाजूंना चार सदस्य. पॉम्फ्रेटनं कार्ड पुढे ठेवलं आणि दोन मिनिटांत विषय मांडला. किती दुःख झालंय, पण नियम म्हणजे नियम.

"मिसेस पिकर्सगिल कुठे आहेत?" साइक्सनं विचारलं.

"बाहेर बाकावर," मी म्हटलं. "मला एक प्रश्न विचारायचा आहे. मिस्टर पॉम्फ्रेट, ख्रिसमसचे दोन आठवडे या बाईंनी भाडं भरायला हवं होतं का?"

"अर्थातच नाही," तो म्हणाला. "ते बिनभाड्याचे आठवडे. कार्डावर रेघ आहेच की."

"पाच आठवडे थकलेले असूनही?"

"सुट्टी सगळ्यांनाच असते, मिसेस ओल्डरॉइड." तो सदस्यांकडे बघून हसला, माझ्या वयाची माफी मागितल्यासारखा.

कुणीच हसलं नाही. कोपऱ्यातल्या सदस्यबाईंनी चष्मा काढला. साइक्सची मान हळूहळू पॉम्फ्रेटकडे वळली. "माझ्या बापानं संपाच्या वर्षी ती सुट्टी गमावली होती," तो म्हणाला. "आम्ही त्या ख्रिसमसला पावाला चरबी लावून खाल्ली. सगळ्यांना असते म्हणता? हे कार्ड कुणी लिहिलं?"

मग मी एकेक कागद टेबलावर ठेवत गेले. पत्रांच्या नकला. सोळा आणि तेवीस नंबरची कार्डं, उघड्या रकान्यांची. रोजवही, पाच सोमवारांची जास्तीची रक्कम. शेवटी कंपनीच्या पत्राची प्रत, त्यांच्या माणसानं सकाळीच मोटारसायकलवरून पाठवलेली.

"डेसमंड क्रॅबट्रीनंसुद्धा हे केलेलं असू शकतं," पॉम्फ्रेट म्हणाला. आवाज चिरका झालेला.

"पत्राखाली सही तुमची आहे," साइक्स म्हणाला. "खाली बसा."

तो बसला. कंबरेला हात लावायचं विसरला.

पोलिसांना फोन गेला. मॅव्हिसनं धनादेशांच्या स्थळप्रतींची वही आणली, चार महिन्यांचे चार धनादेश, त्याच्याच कसल्याशा खात्यावर. सदस्य एकदम बोलायला लागले. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. उठलेही असते, कुणी अडवलं नसतं.

"अजून एक आहे," मी म्हटलं. "धनादेशांवर दोन सह्या लागतात. दुसरी सही माझी आहे."

साइक्सनं वहीतून मान वर केली.

"ऑगस्टमध्ये त्यानं सहा कोरे धनादेश पुढे केले. म्हणाला, दर महिन्याला तुम्हाला कशाला त्रास. मी कामाच्या गडबडीत होते. सगळ्यांवर सह्या करून टाकल्या."

साइक्सनं वही मिटली. "त्याचा निर्णय नंतर," तो म्हणाला. "आधी म्हातारीचं घर."

आयडाला बॉबिन स्ट्रीटवरचं नऊ नंबर मिळालं. मागच्या दाराने उतरलं की तीन मिनिटांत शटल रो. सामानाची भरपाई कंपनी देणार नाही. नगरपालिकेला द्यावी लागेल, आणि ती कधी देईल ते देव जाणे. पण घर मिळालं, वसाहतीतच.

मी किल्ली आणि भाड्याचं नवं पुस्तक घेऊन बाहेर आले. आयडा उठून उभी राहिली. मी आधी सह्यांचं सांगितलं, सगळं सांगितलं. किल्ली दिल्यावर सांगायला मला जमलं नसतं.

ती माझ्या ओठांकडे बघत होती.

"किती सह्या?" तिनं विचारलं.

"सहा."

"आणि वाचलं नाहीस?"

"कोरे होते मावशी. वाचायला काही नव्हतंच."

"मूर्ख," ती म्हणाली. मग आणखी बरंच म्हणाली, गिरणीतल्या बायका मुकादमाला जे म्हणत ते सगळं, आणि समितीच्या खोलीचं दार किलकिलं करून साइक्स डोकावून गेला. मी ऐकून घेतलं. शेवटी तिला धाप लागली आणि तिनं हात पुढे केला. "आण ती किल्ली."

मी दिली. "तू घर बघून ये. मला निघायला हवं. सातशे अठरा घरांना सांगायचंय की तुमचा विमा नाही. आज रात्रीच कुणाच्या घरात तेल भडकलं तर?"

"आत्ता? एकटी?"

"माझ्या सहीनं झालंय."

आयडानं किल्ली कोटाच्या खिशात टाकली आणि बटणं लावली. "घर कुठे पळून जात नाही," ती म्हणाली. "चल."

"मावशी, या सपातांवर? बर्फ आहे."

"चल म्हटलं ना."

आम्ही गल्लीच्या टोकाच्या पहिल्या घराचं दार वाजवलं. एक तरुण बाई कडेवर पोर घेऊन आली. मी तोंड उघडायच्या आत आयडा पुढे झाली.

"हिला काहीतरी सांगायचंय," ती त्या बाईला म्हणाली. "आधी पूर्ण ऐकून घे. मग हव्या तेवढ्या शिव्या घाल. मी घातल्यात, आता तुझी पाळी."